यमकातला बागुलबुवा

भुताखेतांची, राक्षसांची, पण गमतीदार आणि यमकात लिहिलेली चित्रपुस्तके बालवर्गात आणली, की काही पालक व शिक्षक बिचकतात. मुले घाबरतील, रात्री झोपणार नाहीत, असे त्यांना वाटते. मुले मात्र तेच पुस्तक पुन्हा वाचा म्हणून हट्ट धरतात. भीती वाटणारी गोष्ट मुले पुन्हा का मागतात?

याचा एक धागा तान्ह्या मुलांच्या हसण्यात सापडतो. १९७०च्या दशकात ॲलन स्राउफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत काही प्रयोग केले. आईने मुखवटा घालून जवळ यायचे आणि मूल काय करते ते पाहायचे. ओळखीच्या जागी, आईच्या चेहऱ्यावर मुखवटा दिसला की मुले बहुधा हसत. अनोळखी व्यक्तीने मुखवटा घातला तर मात्र कावरीबावरी होत. म्हणजे हसू किंवा भीती केवळ मुखवट्यात नसते. काही अनपेक्षित समोर आले की मुलाच्या मनावर ताण येतो. आपण सुरक्षित आहोत असे वाटले तर तो हसण्यातून मोकळा होतो, नाही तर रडण्यातून.

चित्रपुस्तक वाचताना ही सुरक्षितता दोन ठिकाणांहून मिळते. एक म्हणजे वाचणाऱ्याचा ओळखीचा आवाज. दुसरी जागा सहसा आपल्या लक्षात येत नाही, ती म्हणजे यमक. पुढील ओळी मोठ्याने वाचून पाहा :

डोळे त्याचे लाल लाल, नाक जणू भोपळा,
माळ्यावरून उतरला लांबटांग्या खोपळा!

‘खोपळा’ हा शब्द कोणत्याही कोशात नाही. तरीही दुसरी ओळ संपत आली की शेवटी ‘पळा’ येणार, हे कानाला आधीच कळते. कोण येणार हे माहीत नाही, पण केव्हा येणार हे नक्की ठाऊक आहे. अशा वेळी दचकण्यातही मजा वाटते.

या अपेक्षेचा शिकण्याशीही संबंध आहे. कर्स्टन रीड यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन ते चार वर्षांच्या मुलांना काल्पनिक राक्षसांची कडवी ऐकवली. राक्षसाचे वर्णन आधी आले आणि त्याचे नवे नाव कडव्याच्या शेवटी यमक जुळवत आले, तेव्हा मुलांना ते नाव सर्वांत चांगले लक्षात राहिले. नावापूर्वी वाचणारे पालक क्षणभर थांबले, तर त्याचाही फायदा दिसला.

ज्युलिया डोनाल्डसन यांचे ‘द ग्रफलो’ (१९९९) हे इंग्रजी पुस्तक याच वाटेने जाते. जंगलातला उंदीर एका अक्राळविक्राळ प्राण्याचे वर्णन करून इतरांना पळवून लावतो, आणि मग तो प्राणी खरोखरच समोर उभा राहतो! पण तोवर ऐकणाऱ्या मुलाला त्याचा एकेक अवयव माहीत झालेला असतो. मूळ कल्पना वाघाच्या एका चिनी लोककथेवरून सुचली होती. इंग्रजीत वाघाला सोयीचे यमक मिळेना, म्हणून लेखिकेने नवाच प्राणी घडवला. मराठीत विंदा करंदीकरांची पिशीमावशी आपल्या परिचयाची आहेच.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. कडवे वाचताना शेवटच्या शब्दाआधी थांबा आणि तो मुलांना म्हणू द्या. चुकीचा पण यमक जुळणारा शब्द आला तर तोही स्वीकारा, कारण शब्दातील ध्वनी वेगळे ओळखण्याचा तो सराव आहे आणि पुढे वाचायला शिकताना तो उपयोगी पडतो. नंतर मुलांकडून स्वतःचा ‘खोपळा’ काढून घ्या.

मात्र मुलांच्या चेहऱ्याकडे लक्ष हवे. एखादे मूल आक्रसून बसले, तर पान उलटण्याचा किंवा पुस्तक मिटण्याचा अधिकार त्याला द्यावा. आणि पुस्तकातले भूत धाकासाठी कधीही वापरू नये. ‘जेव, नाहीतर बागुलबुवा येईल’ या वाक्यात यमक नाही, चित्र नाही, आणि मिटता येईल असे पानही नाही. शिवाय ते बोलणारा माणूस तोच असतो, ज्याच्या आवाजावर विसंबून मूल हसणार असते.