ज्याला दिसायचंच नाही, त्याचा फोटो

समुद्रातून वर आलेल्या हौशी डायव्हरच्या कॅमेऱ्यात पुष्कळदा एकच फोटो पन्नास वेळा सापडतो: खाली खडक, त्यावर कुठेतरी बोटाएवढा मासा आणि सगळ्यावर निळसर-हिरवी झाक. मग लेन्स बदलते, दिवे वाढतात, फोटो मात्र तोच राहतो. याचं कारण उपकरणांपेक्षा माशात शोधावं. पुष्कळ लहान माशांच्या अंगावरचे रंग आणि रेघा बघणाऱ्याची नजर चुकवण्याच्या कामी येतात. म्हणजे चौकट आखायच्या आधीच समोर एक तयार रचना असते आणि ती फोटोच्या विरोधात काम करत असते. लहान माशांची चौकट सुधारायची तर आधी ही रचना मोडावी लागते.

बाजारातला बांगडा आठवून बघा. पाठ गडद हिरवी-निळी, पोट रुपेरी. वरून पाहणाऱ्याला पाठ खालच्या काळोखात विरघळलेली दिसते, खालून पाहणाऱ्याला पोट वरच्या उजेडात. अंगाच्या या रंगछटांमागचं तत्त्व अमेरिकन चित्रकार अ‍ॅबट थेयर यांनी १८९६ मध्ये मांडलं. ते एका चित्रकाराच्या नजरेला पडावं यात नवल नाही, कारण हा छाया-प्रकाशाचाच खेळ आहे. आता डायव्हर काय करतो? माशाच्या वर तरंगतो आणि खाली कॅमेरा रोखतो. मासा ज्या बाजूने हमखास लपतो, नेमकी तीच बाजू निवडतो. तो माशाच्या पातळीवर, किंवा त्याहून किंचित खाली उतरला की मागचा खडक चौकटीतून सरकतो, तिथे मोकळं पाणी येतं आणि माशाची कड स्पष्ट होते. याला अपवाद आहे लेप्याचा. मोठा झालेला लेपा एका कुशीवर पडून राहतो आणि दोन्ही डोळे वरच्या बाजूला आणून ठेवतो, त्यामुळे त्याचा फोटो वरूनही काढता येतो. म्हणून ‘नेहमी खालून’ असा नियम पाठ करण्यापेक्षा मासा कुठल्या बाजूने लपतोय हे आधी पाहावं.

दुसरी फसवणूक डोळ्याची. आपली नजर कुठल्याही चेहऱ्यात आधी डोळा शोधते. अनेक जातींच्या फुलपाखरू माशांमध्ये डोळ्यावरूनच काळा पट्टा जातो, आणि काहींच्या शेपटीजवळ डोळ्यासारखा गोल ठिपका असतो. कॅमेऱ्याचा ऑटोफोकसही अशा ठळक ठिपक्यावर सहज अडकतो. लहान माशाचा अगदी जवळून फोटो काढताना फोकसमध्ये राहणारी जागा जेमतेम काही मिलिमीटर खोल असते, म्हणून ती खऱ्या डोळ्यावरच खर्च करावी. शेपूट धूसर झालेली चालते, डोळा धूसर झालेला चालत नाही. मासा कॅमेऱ्याकडे थोडा वळलेला असावा, निघून जाणारा नसावा, हेही त्यातूनच येतं.

‘दुरून काढू, घरी कापून मोठा करू’ असं यावर हमखास ऐकू येतं. अर्धी रुंदी आणि अर्धी उंची कापली की चित्राचा चौथा हिस्सा उरतो, पण तोटा एवढ्यावर थांबत नाही. पाणी लाल रंग भराभर शोषतं. एक मीटरवरच्या माशापर्यंत फ्लॅशचा प्रकाश जाऊन परत यायला दोन मीटर पाणी कापतो, आणि वाटेतला प्रत्येक गाळाचा कण पांढरा ठिपका होऊन फोटोत उमटतो. कापून हे पाणी निघत नाही, कॅमेऱ्याचा कोन तर मुळीच बदलत नाही. त्यातच पाण्याखाली वस्तू आहे त्यापेक्षा साधारण पाव अंतराने जवळ भासते, त्यामुळे आपण पुरेसे जवळ गेलो हा समज बहुधा खोटा ठरतो.

मागच्या पाण्याचं काय करायचं, ही निवड सर्वांत रसाची. अ‍ॅपर्चर एफ/१६ च्या आसपास आणि शटर १/२०० सेकंद ठेवलं की फ्लॅश न पोचलेलं पाणी काळं होतं. शटर संथ केलं की तिथे निळाई उरते. काळी पार्श्वभूमी माशाला झटकन वेगळं करते, म्हणूनच तिचा अतिरेक झाला आहे. असे वीस फोटो ओळीने पाहिले की ओळखपत्रांची फाइल चाळल्यासारखं वाटतं. काही गोबी मासे कोळंबीसोबत एका बिळात राहतात: कोळंबी वाळू उपसते, गोबी दाराशी पहारा देतो, आणि कोळंबी आपली मिशी त्याच्या अंगाला टेकवून ठेवते. तिथे सगळं काळं केलं तर सांगण्यासारखं काय उरलं?

‘मासा थांबतो कुठे?’ हा आक्षेप निम्माच खरा आहे. गोबी बिळात पळाला तरी पुन्हा त्याच दारात येतो. चौकट त्या दाराची आखावी, मासा तिच्यात येईल. अधिक गंभीर आक्षेप आहे जवळ जाण्याच्या इजेचा. बार्गिबांती हा पिटुकला समुद्रघोडा जेमतेम दोन सेंटीमीटरचा. १९६९ मध्ये न्यू कॅलेडोनियात तो सापडला, तोही मत्स्यालयासाठी आणलेल्या समुद्रपंख्याची तपासणी करताना, इतकं त्याचं अंग त्या पंख्याच्या गाठींशी मिळतं. अशा जिवाला काडीने वळवून ‘चेहरा’ मिळवणारे डायव्हर आहेत. ती रचना नव्हे, धटिंगणपणा आहे. शरीराचा तोल सांभाळता येत नसेल, पायातले फिन्स प्रवाळावर आपटत असतील, तर कॅमेरा बोटीतच ठेवावा.

मालवणचं गढूळ पाणी ही तक्रार मात्र इथे उलटी लागू पडते. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात दूरचा खडक चौकटीत येणार नाही, पण वीत-दोन वितींवरचा मासा येईल, कारण तेवढ्या अंतरात गाळ कमीच असतो. काळे पट्टे मिरवणारे सार्जंट मेजर मासे पावाचा तुकडा टाकला की घोळक्याने येतात, आणि तो घोळका फोटोत निव्वळ गर्दी होतो. त्यापेक्षा खडकावर अंडी राखणारा एखादा नर शोधावा. तेव्हा त्याचं अंग गडद निळसर झालेलं असतं आणि तो जागा सोडत नाही, उलट कॅमेऱ्याच्या काचेवर धावून येतो. अंतर तोच कमी करतो. फक्त तो आपल्यामागे लागला की अंड्यांवर दुसरे मासे तुटून पडतात, म्हणून दोन-तीन फोटोंत आटपून मागे सरावं.