लव्हबर्डला बियाण्याची बाजरी घालू नका



मुलांच्या हट्टापायी हल्ली गावातही बजरीगर पक्षी पाळतात. आपण त्यांना लव्हबर्ड म्हणतो. मूळचा हा पक्षी ऑस्ट्रेलियातल्या माळरानाचा, गवताचे बी खाणारा. म्हणून बाजरी, राळा त्याला मानवतो. घात होतो तो इथेच. पेरणी उरकली की पिशवीत मूठभर बियाणे उरते, आणि कोणीतरी ते पिंजऱ्यात टाकते. एका घरी असे दोन्ही पक्षी सकाळी तळाशी मरून पडलेले मी पाहिले. त्या बियाण्याला गोसावी रोगाचे, कधी किडीचेही औषध चोळलेले असते. पक्ष्याचे वजन अवघे ३० ते ४० ग्रॅम. एवढ्याशा जिवाला थोडे विषही पुरते. धुऊन रंग गेला तरी औषध पुरते जात नाही. ते कोंबड्यांनाही घालू नका. घरात खायला ठेवलेलीच बाजरी निवडून घाला. कोथिंबीर फवारणी न केलेली, धुतलेली हवी. पाणी रोज बदला.

पिंजरा चुलीजवळ किंवा फवारणीचा पंप ठेवता त्या खोलीत टांगू नका. धूर आणि औषधाचा वास या पक्ष्याला सोसत नाही. पिसे फुगवून तो तळाशी बसून राहिला, तर उद्यावर ढकलू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि काय खायला घातले होते तेही डॉक्टरांना सांगा.