हौसेची मोटार आणि बुडीत खर्चाचा हिशेब

हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. मोल नसले तरी हौसेला खर्च असतोच आणि तो कोणत्या ना कोणत्या खात्यातून भागवावा लागतो. बंगळुरूसारख्या शहरात जुनी मोटार विकत घेऊन, तिची दुरुस्ती करून, तिला मूळ रूप प्राप्त करून देण्याची हौस अनेकांना असते. कोणी वडिलांची जुनी फियाट जपून ठेवलेली असते, कोणी लहानपणी पाहिलेल्या अँबॅसडरच्या आठवणीने एखादी गाडी शोधून आणलेली असते. अशा किती तरी गाड्या निवासी संकुलांच्या तळघरांत ताडपत्रीखाली उभ्या दिसतात. त्यांचे इंजिन एका गॅरेजमध्ये, दारे दुसरीकडे आणि मालकाचा उत्साह कुठे, हे सांगणे कठीण!

अशा अर्धवट राहिलेल्या मोटारीचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता खाजगी वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी असलेले आर्थिक तत्त्व घराच्या बांधकामापासून मोठ्या उद्योगापर्यंत सर्वत्र लागू पडते. प्रस्तुत लेखात हे तत्त्व जुन्या मोटारीच्याच उदाहरणाने समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

हौस कोठून येते?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या गाड्या बाहेर पडल्या. १०८९ घनसेंटीमीटरचे इंजिन, स्टीअरिंगलगतचा गिअर आणि पुढे सलग बाकासारखे आसन असलेली ही गाडी अनेक मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांची पहिली मोटार ठरली. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या अँबॅसडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ अखेर निरोप घेतला. वस्तू दृष्टीआड होऊ लागली की तिच्याविषयीची ओढ वाढते, हा मनुष्यस्वभाव आहे.

बंगळुरूची परिस्थितीही या हौसेला पोषक आहे. मुंबईसारखी समुद्राची खारी हवा येथे नसल्यामुळे जुन्या गाडीचा पत्रा त्या मानाने बरा टिकतो. शिवाय टाउन हॉलजवळील जे. सी. रोडसारखी सुट्या भागांची मोठी बाजारपेठ हाताशी आहे. त्यामुळे ‘करून टाकू चार-सहा महिन्यांत’ असा विश्वास वाटणे स्वाभाविक आहे.

अंदाज का चुकतो?

जुन्या मोटारीच्या दुरुस्तीचा अंदाज बहुधा चुकतो आणि तो एकाच दिशेने, म्हणजे वरच्या दिशेने चुकतो. याची कारणे स्पष्ट आहेत.

पहिले कारण म्हणजे दोष झाकलेले असतात. रंग खरवडल्याशिवाय पत्रा कोठे गंजला आहे हे कळत नाही. इंजिन उघडल्याशिवाय सिलिंडरची झीज समजत नाही. दुसरे कारण असे, की एक काम दुसऱ्या कामाला जन्म देते. इंजिन खाली उतरवले की क्लच बदलून घ्यावासा वाटतो. रंग नवा झाला की जुनी रबरे आणि क्रोमच्या पट्ट्या डोळ्यांत खुपू लागतात. तिसरे कारण सुट्या भागांचे. ज्या गाडीचे उत्पादन बंद पडले आहे, तिचा एखादा लहानसा भाग मिळेपर्यंत संपूर्ण गाडी खोळंबून राहते. प्रसंगी तो भाग लेथवर नव्याने घडवून घ्यावा लागतो आणि मग ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ असा प्रकार होतो.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की योजना आखताना मनुष्य सर्व काही सुरळीत पार पडेल असे गृहीत धरतो आणि तशाच प्रकारच्या इतर कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला याकडे दुर्लक्ष करतो. बँकेत एखाद्या प्रकल्पाचा कर्जप्रस्ताव तपासताना आकस्मिक खर्चासाठी वेगळी तरतूद केली आहे काय, हे आम्ही पाहतो. त्यामागील कारण हेच. घरच्या मोटारीच्या अंदाजपत्रकात मात्र ही ओळ बहुधा कोणी लिहीत नाही.

उत्साह का ओसरतो?

सुरुवातीच्या खर्चाचे फळ डोळ्यांना दिसते. गाडी धुतली, डेंटिंग झाले, रंगाचा पहिला हात बसला, की घरचे आणि शेजारचे सारे कौतुक करतात. पुढचा खर्च मात्र न दिसणाऱ्या गोष्टींवर होतो. वायरिंग, ब्रेकचे सिलिंडर, तेलाची गळती यांवर हजारो रुपये जातात; परंतु गाडी काल होती तशीच आज दिसते. खर्च वाढत जातो आणि समाधान मात्र घटत जाते. अर्थशास्त्रात याला घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम म्हणतात.

याच सुमारास घरातील प्रश्न सुरू होतात. वाहनतळाची जागा अडलेली असते, रविवार गॅरेजमध्ये जातात आणि ज्या रकमेतून सहलीचा किंवा मुलांच्या शिक्षणाचा खर्च व्हायचा, ती रक्कम गाडीत गेलेली असते. मग मालक गाडीकडे पाहणेच टाळू लागतो. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, की उत्साह ओसरणे हा काही चारित्र्याचा दोष नव्हे. पहिल्या अंदाजानुसार जो आनंद ज्या किमतीत मिळणार होता, तो त्या किमतीत मिळत नाही, याची ती मनाने दिलेली सूचना असते. प्रश्न एवढाच, की त्या सूचनेचे आपण काय करतो.

बुडीत खर्च म्हणजे काय?

जो खर्च होऊन गेला आहे आणि पुढे कोणताही निर्णय घेतला तरी जो परत मिळणार नाही, त्याला अर्थशास्त्रात ‘बुडीत खर्च’ म्हणतात. पुढील निर्णय घेताना हा खर्च हिशेबात धरू नये, असा साधा नियम आहे. परंतु व्यवहारात नेमके उलटे घडते. ‘एवढे तीन लाख घातले, आता कसे सोडायचे?’ या एका वाक्यापायी चौथा लाख घातला जातो. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा.

या प्रवृत्तीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कॉन्कॉर्ड विमानाचे आहे. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९६२ मध्ये या स्वनातीत विमानासाठी करार केला. खर्च अंदाजाच्या कितीतरी पट वाढला. व्यापारी दृष्ट्या तो भरून निघणार नाही हे दिसू लागल्यावरही काम चालूच राहिले. १९७६ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली. एकूण २० विमाने बांधली गेली, त्यांपैकी केवळ १४ विमान कंपन्यांच्या सेवेत आली आणि २००३ मध्ये सेवा बंद झाली. या वृत्तीला ‘कॉन्कॉर्ड भ्रम’ हे नाव त्यावरूनच पडले.

हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोगही उद्बोधक आहे. नाट्यगृहाची हंगामी तिकिटे घेणाऱ्यांपैकी काहींना त्यांनी कोणतीही कल्पना न देता सवलतीच्या दरात तिकिटे दिली. ज्यांनी पूर्ण किंमत मोजली होती, ते हंगामाच्या पूर्वार्धात अधिक नाटकांना उपस्थित राहिले. नाटके सर्वांसाठी तीच होती. भरलेल्या पैशांची ओढ तेवढी वेगळी होती. उत्तरार्धात मात्र हा फरक फारसा उरला नाही. गेलेल्या पैशांची टोचणी काळाबरोबर बोथट होते, असा बोध यातून घेता येतो. म्हणून नुकतेच मोठे बिल भरले असेल, त्या आठवड्यात गाडीविषयी कोणताही निर्णय घेऊ नये, हे उत्तम.

कागदावरचा हिशेब

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका गृहस्थांनी ८०,००० रुपयांना जुनी गाडी घेतली आणि तिच्यावर आजवर २,४०,००० रुपये खर्च केले. म्हणजे एकूण ३,२०,००० रुपये गेले. आज आहे त्या स्थितीत गाडीला ६०,००० रुपये मिळतील. पूर्ण झाल्यावर तिची किंमत २,५०,००० रुपये होईल. म्हणजे काम पूर्ण केल्याने किमतीत १,९०,००० रुपयांची वाढ होणार आहे.

आता उरलेल्या कामाला १,४०,००० रुपये लागणार असतील, तर पुढे जाण्यात ५०,००० रुपयांचा लाभ आहे. एकूण हिशेबात तोटा दिसत असला तरी काम पूर्ण करणे शहाणपणाचे ठरते. याउलट उरलेल्या कामाला २,५०,००० रुपये लागणार असतील, तर पुढे जाण्यात ६०,००० रुपयांचा तोटा आहे. दोन्ही उदाहरणांत ३,२०,००० हा आकडा कोठेही वापरावा लागला नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

मग दुसऱ्या उदाहरणात थांबलेच पाहिजे काय? तसेही नाही. ते ६०,००० रुपये म्हणजे हौसेची खरी किंमत होय. वडिलांच्या गाडीत बसून आईला एकदा फिरवून आणण्याचा आनंद त्या किमतीचा वाटत असेल, तर जरूर पुढे जावे. हिशेब केवळ किंमत सांगतो. ती मोजायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. फक्त ही किंमत उरलेल्या उत्साहातून मोजली जावी, गेलेल्या पैशांच्या धाकाने नव्हे.

कर्ज काढून हौस

अशा कामासाठी वैयक्तिक कर्ज घेण्याकडे काहींचा कल असतो. ३ लाख रुपयांचे कर्ज वार्षिक १२ टक्के दराने ५ वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ६,६७३ रुपये होतो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख रुपये पडते. गाडीचे काम थांबले तरी हप्ता थांबत नाही. पहिले कर्ज फिटण्याआधी त्याच गाडीसाठी दुसरे कर्ज घेण्याची वेळ आली, तर तो धोक्याचा इशारा समजावा. आजारी कर्जाचे दुखणे झाकण्यासाठी नवे कर्ज देणे बँकिंग क्षेत्रात गैर मानले जाते. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक काळ थकले की ते कर्ज अनुत्पादक ठरवण्याचा नियम २००४ पासून आहे. वस्तुस्थिती वेळीच मान्य करणे भाग पडावे, हे त्यामागील तत्त्व आहे. घरच्या हिशेबालाही अशी एखादी मर्यादा घालून घ्यावी. ‘सहा महिन्यांत प्रगती झाली नाही, तर निर्णय घ्यायचा’ असे तारखेसह लिहून ठेवणे उपयुक्त ठरते.

नियमांचा खर्च

गाडी तयार झाली तरी खर्च संपत नाही. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्यासाठी नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. परंतु अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा मर्यादित कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. १९८० च्या दशकातील पद्मिनी या व्याख्येत अद्याप बसत नाही.

थांबायचे ठरल्यास

सर्वांत महाग पर्याय म्हणजे काहीच न ठरवणे. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका बाजूने बसतात, ब्रेक धरून राहतात, कार्बुरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर साचतो आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. आज ६०,००० रुपये मिळणारी गाडी दोन पावसाळ्यांनंतर भंगाराच्या भावाने जाऊ शकते.

विकायचे ठरल्यास सुटे केलेले सर्व भाग एकत्र करून त्यांची यादी करावी. झालेल्या कामाची बिले जोडावीत. भागांसह असलेल्या गाडीला हौशी ग्राहक मिळतो, विखुरलेल्या गाडीला भंगारवाला. विक्रीनंतर नमुना २९ व ३० भरून नावबदल पूर्ण झाल्याची खात्री करावी. नोंदणी ज्याच्या नावावर आहे, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असल्यास आधी नमुना ३१ द्वारे ती वारसाच्या नावावर करून घ्यावी. नोंदणीपुस्तकात बँकेच्या कर्जाची जुनी नोंद राहिली असल्यास बँकेकडून ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन ती कमी करावी. पुष्कळदा कर्ज फिटून वर्षे लोटली तरी ही नोंद तशीच राहते आणि ऐन विक्रीच्या वेळी अडचण उभी राहते. गाडी दुरुस्तीपलीकडे गेली असेल, तर नोंदणीकृत भंगार केंद्रात ती जमा करून प्रमाणपत्र घ्यावे. नवी गाडी घेताना त्यावर काही राज्यांत करसवलत मिळते.

जुनी गाडी दुसऱ्याच्या हाती सोपवणे म्हणजे आठवणींना सोडून देणे नव्हे. ज्याच्याकडे वेळ, जागा आणि उत्साह शिल्लक आहे, त्याच्या हातून ती पुन्हा रस्त्यावर धावण्याची शक्यता अधिक असते. आणि पुढे जाण्याचा निर्णय घेतला, तर उरलेल्या कामाची यादी, त्यापुढे रक्कम, आकस्मिक खर्चाची तरतूद आणि अखेरची तारीख एका कागदावर लिहून त्यावर घरातील सर्वांची संमती घ्यावी. तो एक कागद गॅरेजमधील कोणत्याही अवजारापेक्षा अधिक उपयोगी पडतो.