नवा वामनवृक्ष : निवड, घडण आणि निगा

ज्येष्ठ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मीरा-भाईंदरमधील गृहसंकुलांच्या कचराकुंड्यांजवळ वडाच्या फांद्यांचे भारे पडलेले दिसतात. आदल्या दिवशी पूजिलेल्या या फांद्या दुसऱ्या दिवशी निर्माल्य ठरतात. त्याच इमारतींच्या भिंतींत, सज्जांच्या भेगांत आणि पाण्याच्या नळांच्या सांध्यांत पिंपळाची रोपे रुजतात व ती काढून टाकण्यासाठी रहिवाशांना दर वर्षी खर्च करावा लागतो. आणि त्याच इमारतीतील एखाद्या गॅलरीत फेब्रुवारीत हौसेने विकत आणलेला बोन्साय जुलैमध्ये पाने गाळून वाळून गेलेला आढळतो. या तीन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. वाया जाणाऱ्या फांदीतून व भिंतीतल्या रोपातून उत्तम वामनवृक्ष घडविता येतो. आणि विकत घेतलेला वृक्ष मरतो तो बहुधा नशिबाने नव्हे, तर पहिल्या वर्षी झालेल्या तीन-चार ठरावीक चुकांमुळे.

वामनवृक्ष म्हणजे काय?

बोन्साय हा जपानी शब्द होय. ‘बोन’ म्हणजे उथळ तबक आणि ‘साय’ म्हणजे लागवड. ही कला मूळची चीनमधील असून जपानात तिला आजचे रूप आले. मराठीत तिला वामनवृक्ष कला असेही म्हणतात. वामनवृक्षाची जात निराळी असते, किंवा त्याला उपाशी ठेवून खुजे केले जाते, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. ज्या वडाच्या छायेत गावाची पंचायत बसते त्याच वडाचे रोप तबकात वाढते. मुळांची व शेंड्यांची वेळोवेळी छाटणी केल्यामुळे त्याचा आकार मर्यादित राहतो. खत, पाणी व ऊन त्याला इतर झाडांप्रमाणेच लागते. किंबहुना माती थोडी असल्यामुळे त्याच्याकडे अधिक नियमितपणे लक्ष द्यावे लागते.

योग्य निगा राखल्यास असे झाड माणसाच्या अनेक पिढ्या जगते. हिरोशिमा येथील यामाकी कुटुंबाचा पांढरा पाइन सुमारे १६२५ पासून घडविला जात होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्या शहरावर अणुबाँब पडला, तेव्हा स्फोटाच्या जागेपासून सुमारे ३ किलोमीटरवर, अंगणातील भिंतीआड असलेले हे झाड वाचले. १९७६ मध्ये ते अमेरिकेला भेट देण्यात आले व वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात ते आजही पाहावयास मिळते. अणुस्फोटातून वाचलेले झाड पुढे इतकी वर्षे टिकले, ते रोज पाणी घालणाऱ्या हातांमुळे.

कोणती झाडे निवडावीत?

मीरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. वर्षाकाठी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, दमट व खारट वारा आणि सौम्य हिवाळा हे येथील हवामानाचे स्वरूप होय. पाइन किंवा ज्युनिपर यांसारखी थंडी मागणारी झाडे येथे हळूहळू खंगत जातात. नवशिक्याने वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक, बोगनवेल, चिंच, कुंती, डाळिंब किंवा करवंद यांपैकी एखादे निवडावे. उत्तनच्या किनाऱ्यावर आढळणारा सुरूही चांगला घडतो. मात्र त्याच्या मुळांची एकदम मोठी छाटणी त्यास सोसत नाही. वडवर्गीय झाडे चूक सहन करतात, म्हणून पहिले झाड त्यांतीलच असावे.

झाड मिळविण्याचे मार्ग

रोपवाटिकेतून घेताना खोड बुंध्याशी जाड व वर निमुळते आहे काय, मुळे चोहोबाजूंनी पृष्ठभागावर पसरली आहेत काय आणि तार सालीत रुतली आहे काय, हे पाहावे. कुंडीस तळाशी निचऱ्याची छिद्रे असलीच पाहिजेत. मातीवर खडे चिकटविलेले असल्यास पाणी आत मुरत नाही. असे झाड घेऊ नये. खोड हलकेच हालविले असता झाड डगमगत असेल, तर ते नुकतेच कुंडीत बसविले आहे असे समजावे. झाडाचे नाव आणि माती शेवटी केव्हा बदलली ही माहिती विक्रेत्याकडून अवश्य घ्यावी.

दुसरा मार्ग वटपौर्णिमेच्या फांद्यांचा. हा सण पावसाच्या तोंडावर येतो आणि वडाच्या छाटकलमांना तोच काळ सर्वांत अनुकूल असतो. अंगठ्याएवढी किंवा त्याहून जाड, टवटवीत फांदी निवडून तिचे २० ते २५ सेंटिमीटर लांबीचे तुकडे करावेत. पाने काढावीत, चीक वाहणे थांबेपर्यंत कापलेली टोके पाण्याने धुवावीत व खालचे टोक डोळ्याच्या लगत तिरपे कापावे. जाड वाळू व माती यांच्या मिश्रणात तुकडा एकतृतीयांश खोल लावून कुंडी सावलीत ठेवावी. पालवी फुटली म्हणजे मुळे फुटली असे नव्हे. सप्टेंबरपर्यंत कलम उपटून पाहण्याचा मोह टाळावा.

तिसरा मार्ग भिंतीतील रोपांचा. इमारतीच्या मालकाच्या किंवा गृहसंस्थेच्या संमतीने, हात सहज पोहोचेल अशाच जागेवरील रोप पावसाळ्याच्या आरंभी काढावे. थोडे तरी मूळ सोबत आले पाहिजे. शेंडा व पाने कापून ते वाळूमिश्रित मातीत लावावे. भेगेत वाकडे-तिकडे वाढलेले त्याचे खोड पुढे मोठे शोभिवंत दिसते. उंचावरील रोपासाठी मात्र कोणीही जीव धोक्यात घालू नये.

जंगलातून रोप आणण्याचा विचारही करू नये. राष्ट्रीय उद्यानातून रोप उपटून आणणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ अन्वये गुन्हा आहे. खाडीकाठच्या कांदळवनासही कायद्याचे संरक्षण आहे. ग्रामसेवकांनी ही बाब लोकांच्या निदर्शनास आणून द्यावी.

पहिला महिना

नवे झाड घरी आल्यावर छाटणी, तार बांधणे आणि माती बदलणे ही तिन्ही कामे एकाच दिवशी उरकण्याची घाई होते. पुष्कळ झाडे येथेच दगावतात. पहिला महिना केवळ निरीक्षणाचा समजावा. झाड आधी अर्ध्या उन्हात ठेवून क्रमाक्रमाने पूर्ण उन्हात न्यावे. पाणी किती वेळात सुकते, पालवी कोणत्या बाजूस फुटते, कीड आहे काय, हे पाहावे. त्यानंतर एका वेळी एकच काम करावे व झाडाने नवी पालवी धरल्याखेरीज दुसरे हाती घेऊ नये. दिवाणखान्यात झाड कायमचे ठेवू नये. पाहुण्यांसाठी एक-दोन दिवस आत आणले तर चालते. परंतु त्याची जागा उघड्या उजेडातच असते.

माती आणि कुंडी

अतिवृष्टीच्या प्रदेशात मातीचा निचरा हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय. भाजलेल्या विटांचे बारीक तुकडे २ भाग, नदीची जाड वाळू १ भाग आणि चाळलेले पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत १ भाग, असे मिश्रण करावे. विटांची भुकटी चाळून टाकून द्यावी, कारण तीच पुढे चिखल होऊन छिद्रे बुजविते. समुद्राची वाळू वापरू नये. छिद्रांवर जाळी ठेवावी आणि छिद्रांतून ओवलेल्या तारेने झाड कुंडीस घट्ट बांधावे; हलणाऱ्या झाडाची कोवळी मुळे तुटतात.

वडवर्गीय झाडांची माती साधारणतः दोन ते तीन वर्षांनी, पाऊस सुरू होताच बदलावी. एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक मुळे कापू नयेत. त्यानंतर पहिला महिना खत देऊ नये.

घडण

झाड चारही बाजूंनी पाहून त्याची दर्शनी बाजू प्रथम ठरवावी. खोडाच्या खालच्या सुमारे एकतृतीयांश उंचीपर्यंत फांद्या नसाव्यात. सर्वांत खालची फांदी जाड व लांब, वरच्या क्रमाने लहान असाव्यात. एकमेकींना छेदणाऱ्या, सरळ वर जाणाऱ्या व एकाच ठिकाणी समोरासमोर फुटलेल्या फांद्यांतील अनावश्यक फांदी काढावी. चित्रांतील जपानी पाइनचा आकार आपल्या वडाला देण्याचा हट्ट धरू नये. गावच्या पारावरील वड छत्रीसारखा पसरतो, पारंब्या सोडतो. तोच त्याचा नमुना होय. दमट हवेत तबकातील वडही पारंब्या धरतो.

फांदीस सहा ते आठ पाने आली म्हणजे ती दोन-तीन पानांवर छाटावी. या साध्या नियमाने फांद्या दाट होतात. वळण द्यावयाचे असल्यास फांदीच्या एकतृतीयांश जाडीची ॲल्युमिनियमची तार ४५ अंशांच्या कोनात गुंडाळावी व फांदी सावकाश वाकवावी. पावसाळ्यात वड झपाट्याने जाड होतो. तार चार-सहा आठवड्यांतच सालीत रुतू लागते. म्हणून दर आठवड्यास पाहणी करावी आणि तार उलगडण्याऐवजी तुकडे करून काढावी.

पाणी, खत व कीड

ठरावीक वेळी ठरावीक लोटाभर पाणी घालण्याची पद्धत अयोग्य आहे. मातीत बोट घालून पाहावे. वरचा थर सुकला असेल तर तळातून पाणी वाहीपर्यंत द्यावे. एप्रिल-मे महिन्यांत दिवसातून दोनदा द्यावे लागते. पावसाळ्यात कुंडी विटांवर उचलून ठेवावी व संततधारेच्या दिवसांत एका बाजूखाली चिपोटी सरकवून किंचित तिरपी करावी, म्हणजे साचलेले पाणी निथळते. जुलैमध्ये मरणारी बहुतेक झाडे मुळे कुजून मरतात.

खाडीकाठच्या वस्तीत विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा मचूळ असते. कुंडीच्या कडेवर पांढरी खपली धरली व पानांच्या कडा करपल्या, तर पाण्यातील क्षार हे कारण समजावे. असे पाणी बंद करून नळाचे किंवा साठविलेले पावसाचे पाणी भरपूर सोडून माती धुऊन काढावी.

वाढीच्या काळात भुईमुगाची किंवा निंबोळीची पेंड भिजत घालून तिचे पाणी चांगले पातळ करून पंधरा दिवसांनी द्यावे. भर पावसात खत वाहून जाते, तेव्हा उघडीप पाहून द्यावे. पिठ्या ढेकूण व खवले कीड प्रथम ओल्या फडक्याने पुसून काढावी, नंतर ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. दुमडलेली पाने तोडून नष्ट करावीत. त्यांत फुलकिडे दडलेले असतात. मुंग्यांची रांग दिसल्यास पिठ्या ढेकूण आहे काय, ते पाहावे.

गॅलरीच्या कठड्यावर कुंडी कधीही मोकळी ठेवू नये. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हाच्या वाऱ्याचा अनुभव येथील रहिवाशांना आहे. खाली जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर कुंडी पडणे हे झाड मरण्याहून फार मोठे नुकसान होय.

शेतकऱ्यांसाठी संधी

उत्तन, डोंगरी, मुर्धे, राई या गावांना लागूनच ग्राहकांचे मोठे शहर आहे. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाखांहून अधिक होती. तयार बोन्साय घडविण्यास बराच काळ लागतो, परंतु त्याचे जाड खोड तयार करून देणे हे शेतकऱ्याच्या हातचे काम आहे. वडाचे रोप जमिनीत एका सपाट कौलावर बसवून लावावे, म्हणजे मुळे खोल न जाता आडवी पसरतात. एक फांदी न छाटता मनसोक्त वाढू द्यावी. तिच्यामुळे बुंधा लवकर पोसतो. तीन ते पाच वर्षांनी ती कापून झाड उथळ कुंडीत घ्यावे. कुंडीत दीर्घकाळात होणारी खोडाची जाडी जमिनीत थोड्या वर्षांत मिळते. बांधाकडेच्या पडीक पट्टीवर प्रथम १५-२० रोपांनीच प्रारंभ करावा, लावणीची तारीख व खर्च वहीत नोंदवावा आणि गिऱ्हाईक निश्चित झाल्यावरच संख्या वाढवावी. या कामासाठी कर्ज काढू नये.

प्रत्यक्ष पाहून शिकण्यासारखे दुसरे शिक्षण नाही. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानातील आणि पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील वार्षिक पुष्पप्रदर्शनांस होतकरूंनी भेट द्यावी. मुंबईत इंडो-जपानीज असोसिएशनच्या बोन्साय अभ्यासगटानेही या विषयात बरेच कार्य केले आहे.

घरोघरी एक वड

वडाची पूजा व्हावी आणि त्यासाठीच वडाच्या फांद्या तोडल्या जाव्यात, ही विसंगती दर वर्षी दिसते. ज्या घरी तबकात जिवंत वड आहे, तेथे फांदी विकत आणण्याचे कारण उरत नाही. एका संकुलातील भगिनींनी मिळून एक वड राखला, तरी रस्त्याकडेच्या वडाच्या कित्येक फांद्या वाचतील. ग्रामसेवकांनी व महिला मंडळांनी येत्या ज्येष्ठात पूजेनंतरच्या फांद्या गोळा करून छाटकलमांचे प्रात्यक्षिक घ्यावे. त्यांतील निम्मी रुजली तरी काम सार्थकी लागेल. त्या फांद्यांतून उभा राहणारा वड, रोज पाणी घालणारे हात मिळाले तर, लावणाऱ्याच्या नातवंडांनाही पूजिता येईल.