हयातीपुरता आणि वंशपरंपरेने
(जनुकविचार : लेखांक सातवा)

गेल्या आठवड्यात आपण जनुके छाटणाऱ्या कात्रीची ओळख करून घेतली, आणि जिवाणूंच्या आत्मसंरक्षणाच्या एका युक्तीतून जेनिफर डाउडना व इमान्युएल शार्पांतिये या दोन विदुषींनी २०१२ साली ती कशी घडवली हेही पाहिले. ही कात्री माणसाच्या बाबतीत कोठवर चालवावी, हा आजचा विषय.

ज्याच्या घरी दोनचार एकर का होईना जमीन आहे, त्याला ‘फेरफार’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. तलाठी नोंदवहीत नोंद धरतो, तिची प्रत चावडीवर लावतो, हितसंबंधी इसमांना लेखी नोटीस बजावतो, आणि कोणाची हरकत असल्यास तिचा निकाल लागल्यावाचून मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करीत नाही. ही रीत किती कंटाळवाणी असते ते मी चावडीच्या पायरीवर बसून अनुभवले आहे. तरी ज्याच्या हक्काला धक्का पोहोचणार त्याला आधी विचारले पाहिजे, एवढे शहाणपण तिच्यात खचित आहे. जुन्या सनदांतही इनाम हयातीपुरते की वंशपरंपरेने, हे स्पष्ट लिहिलेले असे, आणि त्या एका शब्दावर पुढे पिढ्यान्‌पिढ्या दावे चालत. जनुकांतील फेरफाराचेही असेच दोन प्रकार आहेत.

पहिला हयातीपुरता. सिकल सेल हा आजार आपल्याकडे नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पाड्यांत घरोघर ठाऊक आहे. सुमारे तीनशे कोटी अक्षरांच्या जनुकसंहितेतील एकच अक्षर बदललेले असते, आणि तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना देतात. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत ज्या उपचाराला मान्यता मिळाली, त्यात ते चुकलेले अक्षर दुरुस्त करीत नाहीत. रुग्णाच्या रक्तजनक पेशी बाहेर काढून, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद पाडणारी कळ तेवढी छाटतात, म्हणजे ते जुने, निर्दोष हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. उपचार कठोर आहे, कारण नव्या पेशींना जागा करून देण्यासाठी आधीची अस्थिमज्जा जालीम औषधांनी नष्ट करावी लागते. आणि अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठेवली गेली, हा आकडा धडगाव-भामरागडच्या माणसाला सांगणेही क्रूर वाटते. पण किमतीचा हा अन्याय वेगळा. ज्याच्या देहात बदल होतो तो स्वतः संमतिपत्रावर सही करतो, आणि बदल त्याच्याबरोबरच संपतो. त्याची संतती आहे तशीच जन्मते.

दुसरा प्रकार वंशपरंपरेचा. नोव्हेंबर २०१८मध्ये शेन्झेन येथील ‘हे जियानकुई’ नामक संशोधकाने जाहीर केले की, त्याने गर्भबीजावस्थेतच जनुक छाटलेल्या दोन जुळ्या मुली जन्मास आल्या आहेत. एड्सचा विषाणू ज्या दाराने पेशीत शिरतो ते सीसीआर-५ नावाचे दारच त्याला काढून टाकावयाचे होते. उद्देश ऐकावयास उदात्त. परंतु मुलींचा पिता बाधित असला तरी माता निरोगी होती, शुक्रजंतू धुऊन वेगळे काढण्याची जुनी पद्धत उपलब्ध होती, एवढेच नव्हे तर याने ती वापरलीही होती. म्हणजे जो रोग मुलींना होणारच नव्हता, त्याच्यासाठी ही छाटणी! शिवाय उत्तर युरोपातील काही लोकांत निसर्गतः आढळणारा बत्तीस अक्षरांचा लोप त्याला हुबेहूब साधलाच नाही. एकीच्या तर दोन प्रतींपैकी एकच प्रत बदलली. ज्यांच्यात हे दार मुळातच नसते त्यांना वेस्ट नाईल तापाचा धोका अधिक असतो, हे आधीपासून माहीत होते. आईबापांपुढे सहीसाठी ठेवलेल्या कागदावर शीर्षक होते एड्सवरील लस विकसित करण्याच्या प्रकल्पाचे. न्यायालयाने डिसेंबर २०१९मध्ये त्याला तीन वर्षांची कैद आणि तीस लाख युआन दंड ठोठावला. नैतिक पडताळणीचे कागद बनावट असल्याचेही तेथे शाबीत झाले.

असा बदल पुढच्या संततीतही उतरू शकतो, आणि ज्यांच्या हक्काला धक्का पोहोचतो त्या वारसांना मात्र कोणी विचारलेलेच नसते. यावर काही चतुर लोक म्हणतात की, जन्म घेताना तरी कोणत्या मुलाची संमती घेतात? आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्यात एक गफलत आहे. निसर्गाच्या वाटपात कोणी अर्जदार नसतो; येथे अर्जदार असतो, त्याची सही असते, आणि म्हणून त्याच्यावर जबाबदारीही असते. वारस उद्या काय म्हणेल याचा अंदाज बांधावयाचाच झाला, तर भयंकर रोग टाळल्याबद्दल तो हरकत घेणार नाही हे मला मान्य आहे. मात्र तेवढ्यासाठी कात्रीची गरज क्वचितच पडते. आईबाप दोघेही सिकल सेलचे केवळ वाहक असतील, तर दर गर्भधारणेत रोगाचा संभव चारांत एक. गर्भबीजांची तपासणी करून निरोगी बीज निवडता येते. दोघेही रुग्ण असतील तेव्हाच ही वाट बंद होते. इतक्या थोड्यांसाठी, आणि चुकीची छाटणी परत घेण्याचा उपाय हाती नसताना, वंशपरंपरेची सनद कोणालाही देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९च्या मार्गदर्शक तत्त्वांत हाच प्रतिबंध घातला आहे.

त्या दोन मुली आता शाळेत जाण्याच्या वयाच्या झाल्या आहेत. जगाला ठाऊक असलेली त्यांची नावे टोपणनावे आहेत. खरी नावे गुप्त आहेत, आणि ती तशीच राहिलेली बरी.