वस्तादांची नोंद

१८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या प्रशिक्षणशाळेत पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून ज्यांनी बास्केटबॉलचा खेळ निर्माण केला, ते जेम्स नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात त्याच खेळाचे पहिले शिक्षक झाले. आणि त्यांच्या कारकीर्दीत विद्यापीठाच्या संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले, ही खुद्द जनकालाच काहीशी खजील करणारी नोंदसुद्धा तेथील दप्तरात शाबूत आहे. त्यांचे शिष्य फॉग ॲलन गुरूपेक्षा कितीतरी यशस्वी शिक्षक ठरले, हेही त्याच दप्तरावरून कळते. कोणी कोणाला शिकवले याचा असा लेखी वंशवृक्ष आपल्याकडील महाविद्यालयांत शोधू जावे, तर बहुधा चषकांवरची धूळच तेवढी हाती लागते.

आपल्याकडे गुरुपरंपरा नव्हती, असा याचा अर्थ मात्र नव्हे. ज्या कुंडलच्या कुस्ती-मैदानाची कीर्ती अवघ्या मुलखात आहे, त्या पट्ट्यात ताक, तेल आणि हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीच्या हौद्यात उतरणारे पोर आधी वस्तादाच्या पाया पडते, मग जोर-बैठका काढू लागते, आणि कोणाचा डाव कोणाकडून आला हे पारावरची जुनी मंडळी सहज सांगतात. पण हे सारे मुखोद्गत; आणि मुखोद्गत गोष्टीचे दोन-तीन पिढ्यांत जे व्हायचे ते होतेच.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांची हकीकत या संदर्भात मोठी उद्बोधक आहे. वडील दादासाहेब स्वतः नामांकित पैलवान. खाशाबांचे शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात. आणि कुंडलचे जी. डी. बापू लाड व त्यांचे साथी ज्या काळी इंग्रजी अमलाविरुद्ध उभारलेल्या प्रतिसरकारच्या कामात रानोमाळ फिरत होते, त्या धामधुमीत या शाळकरी मुलानेही भूमिगतांना आसरा देण्याची जोखीम पत्करली होती. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आल्यावर वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला ते गेले, तेव्हा त्यांची लहानखुरी अंगलट पाहून क्रीडाशिक्षकांनी साफ नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले, त्यांनी परवानगी दिली, आणि अंगापिंडाने थोराड असलेल्या प्रतिस्पर्ध्यांना या पोराने लोळवले. शिक्षकाची पारख चुकणे ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. तीवर प्राचार्यांकडे दाद मागता आली, आणि ती दाद लागली, हे मला त्या कॉलेजाचे मोठेपण वाटते.

बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी या मार्गदर्शकांच्या हाताखाली खाशाबांची कुस्ती घडत गेली, आणि ढाक हा त्यांचा हुकमी डाव ठरला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, मातीची सवय असलेल्या या मल्लाने गादीवर सहावा क्रमांक मिळवला. तेथे अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना शिकवले होते. लंडनचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा पैशाची वानवा पडली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. एखाद्या विद्यार्थ्याच्या मनगटावर विश्वास ठेवून स्वतःच्या घराचे तारण देणारा प्राचार्य कोणत्या खात्याच्या कोणत्या नियमात बसतो, हे निदान मला तरी ठाऊक नाही.

हेलसिंकीत खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी मात्र आधी हिशेब चुकता करण्याचे मनावर घेतले, आणि कुस्त्यांची मैदाने भरवून त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडवले.

अशा गुरुजनांची नावे नुसती मुखोद्गत राहून विरू नयेत, यासाठी कुंडल, पलूस, कऱ्हाड या पट्ट्यातील ज्या वाचकांच्या माळ्यावर महाविद्यालयांची जुनी वार्षिके, संघांची छायाचित्रे वा तालमींच्या वह्या पडून असतील, त्यांनी त्यांतील खेळाडूंच्या शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकांची नावे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मागील बाजूस लिहून ठेवावीत, आणि प्रत नजीकच्या ग्रंथालयात द्यावी.