मानसिक आजाराच्या गोळ्या आणि हृदय : घरच्यांनी काय पाहावं

"या गोळ्या दिलवर असर करतात" असं कुणीतरी सांगतं आणि घरचे स्किझोफ्रेनियाच्या मुलाची गोळी बंद करतात. आपल्या मोहल्ल्यात हे नवीन नाही. बोलण्यात अर्धं खरं असतं, म्हणूनच ते पटतं.

खरं काय ते आधी. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीने पुन्हा तयार व्हायला थोडा वेळ लागतो. ईसीजीत तो 'क्यूटी' म्हणून मोजतात. हॅलोपेरिडॉलसारख्या काही औषधांनी तो लांबतो. 500 मिलिसेकंदांच्या वर गेला की ठोका बिघडून माणूस बेशुद्ध पडू शकतो, क्वचित जीवही जातो. याच कारणाने थायोरिडाझिन मूळ कंपनीने 2005 मध्ये बंद केलं. 2009 च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात या गोळ्या घेणाऱ्यांत हृदय अचानक बंद पडण्याचा धोका जवळपास दुप्पट दिसला. डोस जास्त तसा धोका जास्त. एकूण प्रमाण मात्र कमीच.

दुसरा त्रास हळू येतो. ओलान्झापिन, क्लोझापिनने भूक वाढते, मग वजन, शुगर, कोलेस्टेरॉल. क्लोझापिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, छातीत दुखणं किंवा दम लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता उरलेलं अर्धं. फिनलंडमध्ये 11 वर्षं रुग्णांची नोंद ठेवली, तेव्हा औषध अजिबात न घेणाऱ्यांत मृत्यू जास्त आढळले. म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांकडे ईसीजी, शुगर, वजनाची तपासणी मागायची. सुरुवातीला एकदा, मग ते सांगतील तेव्हा.

मेडिकलवरून परस्पर अ‍ॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन आणणं मोठी चूक. तीही क्यूटी लांबवतात. जुलाब-उलट्यांत पोटॅशियम कमी झालं तरी तोच धोका. विडी ओढणाऱ्याने ती एकदम सोडली तर क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. विडी सोडायचीच आहे, फक्त डॉक्टरांना आधी सांगा.

रमजानच्या आधीच विचारा की सकाळची गोळी सेहरीला चालेल का, रोजा ठेवावा का. आजाऱ्याला सूरह बकरात सवलत आहेच, त्यात शरम कसली?

नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय भंडाऱ्याहून दीड-दोन तासांवर आहे. टेली-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आणि गोळ्या घेणारा माणूस एकदम चक्कर येऊन पडला तर 'वरची हवा' म्हणत बसू नका. ताविज नंतरही बांधता येईल, आधी 108 लावा आणि गोळ्यांची पट्टी सोबत घ्या.